खुर्चीचे पैसे

सुदेशने तो पार्क कितीतरी वेळा पाहिला होता, पण नेहमी मागच्या बाजूने. अल क्वोजच्या गोदामात पहाटे व्हॅन भरायची, पाण्याचे खोके, मक्याच्या दाण्यांची पोती, सरबताच्या पाकाचे कॅन, कागदी पेल्यांच्या चळती, आणि अबू धाबीच्या हायवेने जाऊन सगळं पार्कच्या मागच्या फाटकाशी उतरवून द्यायचं, हे त्याचं काम. मागून पार्क म्हणजे एक लांबलचक पिवळट भिंत, कचऱ्याचे मोठे डबे आणि एसीच्या यंत्रांची घरघर. भिंतीपलीकडून मधूनमधून पुष्कळ माणसं एकदम किंचाळल्याचा आवाज यायचा. पाळणा वरून खाली आला की लोक असे ओरडतात हे त्याला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी दर वेळी त्याची मान वर व्हायचीच.

त्यामुळे सुपरवायझर प्रल्हादने एक दिवस पार्कचा पास त्याच्या हातावर ठेवला तेव्हा तो नुसता बघत राहिला.

"पार्कवाल्यांनी सप्लायरांना चार-पाच पास पाठवलेत," प्रल्हाद म्हणाला. "हा दोघांचा आहे. माझी माणसं सगळी लातूरला. मी एकटा जाऊन काय झोके घेऊ? तुझी बायको इथंच आहे ना? घेऊन जा तिला."

संजना इथंच होती हे खरं. पण 'इथंच' म्हणजे काय हे प्रल्हादलाही ठाऊक होतं आणि सुदेशलाही. ती अबू धाबीत, अल रीम आयलंडवर, एका उंच टॉवरमधल्या पुण्याच्या कुटुंबाकडे राहायची. अनुराधाताई आणि निनादसाहेब दोघंही नोकरीला. त्यांचा स्वयंपाक आणि सहा वर्षांच्या इराला सांभाळणं संजनाकडे. सुदेश दुबईत, अल क्वोजच्या कंपनी कॅम्पमध्ये, खोलीत इतर पाचजणांबरोबर. गावी देवगडकडे लोक म्हणायचे, नवरा-बायको दोघं एकाच देशात, नशीब काढलंन. पण कॅम्पात बाईमाणसाला पाऊल टाकता येत नसे. आणि टॉवरमध्ये नवऱ्याला वर बोलवू नकोस असं तिला कुणी म्हणालं नव्हतं, पण अशा गोष्टी म्हणाव्या लागत नाहीत. तिची सुट्टी रविवारची. त्याच्या डिलिव्हऱ्या रविवारीच जास्त. महिन्या-दीड महिन्याने कसंबसं जमायचं, तेव्हा दोघं बस स्टँडवर भेटायची, मॉलमधल्या बाकांवर बसायची, बाक भरले की चालत राहायची. लग्नाची नऊ वर्षं झालेलं जोडपं, पण आतून कडी घालता येईल असं एक दार या देशात त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

त्यांची मुलगी दिया गावी होती, संजनाच्या आईजवळ, नर्मदाआजीकडे. यंदा ती दुसरीत गेली होती.

संजनाने सुट्टी मागितली तेव्हा अनुराधाताई लगेच हो म्हणाल्या. "अगं, जा ना. बुधवारी मी वर्क फ्रॉम होम घेते. इराकडे मी बघेन." संजनाने ते फोनवर त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं आणि हसली. तिचं हसणं ऐकून सुदेशला सांगायचं होतं ते ओठांवर आलं होतं. पण त्याने ते ठेवून दिलं. फोनवर नको. समोर बसून, तिचं तोंड बघत सांगायचं.

सांगायचं होतं ते असं: शारजात, रोल्लाला, एका मल्याळी कुटुंबाच्या फ्लॅटमध्ये एक खोली भाड्याने मिळत होती. सुदेशला मोठ्या ट्रकचं लायसन मिळालं होतं आणि कंपनी पगार वाढवणार होती. तेवढ्या पगारावर बायकोचा व्हिसा निघत होता. मे महिन्यात संजनाचा करार संपला की तिने रीम आयलंडला रामराम ठोकायचा आणि रोल्लाला यायचं. खोलीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. रात्रपाळीहून आलेल्या माणसांच्या घोरण्यात तो अंथरुणावर पडल्या पडल्या तो फोटो उघडायचा आणि बोटांनी मोठा करून खिडकी बघायचा.

बुधवारी त्याने दुसऱ्या ड्रायव्हरच्या व्हॅनमधून लिफ्ट घेतली. व्हॅन नेहमीप्रमाणे मागच्या फाटकाशी थांबली. तिथे उतरून तो भिंतीच्या कडेकडेने चालत, चांगला वळसा घालून, पुढे आला. पुढे कारंजी होती, लाल-निळे झेंडे होते, आणि फुलांच्या वाफ्यांशी उभं राहून लोक फोटो काढत होते. तो इस्त्रीच्या शर्टात एका खांबाशी उभा राहिला.

टॅक्सीतून संजना उतरली. लिंबाच्या रंगाचा पंजाबी ड्रेस, केस नीट वेणीत. त्याने हात वर केला. तेवढ्यात तिच्या मागून गुलाबी सॅक पाठीला लावलेली एक लहान मुलगी उतरली आणि संजनाचं बोट धरून उभी राहिली.

"ताईंका अचानक मीटिंग लागली," जवळ येत संजना म्हणाली. चेहरा पडलेला. "हापिसातच जावचा लागला. शाळेक सुट्टी. तिका खंय ठेवणार?"

"बरा केलंस," सुदेश म्हणाला. त्याला तसं वाटत नव्हतं, आणि ते तिला कळलं.

इराने त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "संजू, हू इज ही?"

"माझे मिस्टर. सुदेशकाका म्हण."

"यू आर संजूज हज्बंड?" इरा विचारात पडली. "देन व्हाय डोन्ट यू लिव्ह विथ अस?"

सुदेश झेंड्यांकडे बघू लागला. मग संजना म्हणाली, "यल्ला, चला, रांग लागली बघ."

पास दोघांचाच होता, म्हणून इराचं तिकीट वेगळं काढलं. फाटकावर बॅगा तपासत होते. संजनाच्या पिशवीतून स्टीलचा डबा निघाला. ती पहाटे उठून, घरातलं कुणी उठायच्या आत, घावणे करून आली होती, आणि काळ्या वाटाण्यांची उसळ. झाकण उघडताच सुदेशच्या नाकाला तो वास लागला. बायकोच्या हातचं तो शेवटचं कधी जेवला होता हे त्याला आठवेना. मॉलमध्ये भेटायचे तेव्हा ती काहीतरी आणायची, पण ते बिस्किटांसारखं, उभ्याउभ्या खाण्यासारखं. हे पानात वाढून घ्यायचं जेवण होतं.

गार्ड नेपाळी होता, वागायला सभ्य. "बहनजी, बाहर का खाना अंदर अलाउड नहीं है. बच्चे का दूध हो तो चलेगा."

"घर का है भैया," संजना म्हणाली.

"मालूम है. सबका घर का ही होता है."

बाहेरच कट्ट्यावर बसून खावं असं सुदेश म्हणणार होता. पण आतून बँडचा आवाज आला आणि इरा संजनाचा हात ओढू लागली. गार्डने डबा त्याच्या टेबलाखाली ठेवून घेतला, शाम को ले जाना म्हणाला. सुदेशने एकदा वळून त्या डब्याकडे पाहिलं.

आत गेल्यावर त्याला ते किंचाळणं कुठून येतं ते दिसलं. निळ्या लोखंडी रुळावरून एक गाडी आभाळाकडे चढत जायची, वर क्षणभर थांबायची आणि पोटात गोळा येईल अशी खाली कोसळायची. खरं तर त्याला त्यात बसायचं होतं, संजनाशेजारी. तिने घाबरून आपला दंड घट्ट पकडावा, एवढंच. पण इराची उंची कमी पडत होती आणि तिला एकटीला खाली ठेवणार कसं? मग ते तिघं लहान मुलांच्या पाळण्यांकडे गेले. इरा लाकडी घोड्यावर बसली, होडीत बसली, फिरत्या कपबशीत बसली. दर वेळी संजना तिच्याबरोबर, कारण लहान मुलाबरोबर एक मोठं माणूस लागतं. एकच. सुदेश कठड्याबाहेर सॅक आणि पिशवी सांभाळत उभा राहायचा. संजना समोरून गेली की हसून हात करायची, मग कपबशी तिला पलीकडे घेऊन जायची, आणि तो ती परत समोर यायची वाट बघायचा.

चालताना इरा संजनाच्या उजव्या हाताला होती. संजनाच्या डाव्या खांद्याला पर्स. सुदेशला धरायला हात उरला नव्हता.

मार्च संपत आला होता. दुपारपर्यंत ऊन चटके देऊ लागलं. इराचं तोंड लालभडक झालं आणि तिने निळा स्लश मागितला. तो अस्वलाच्या आकाराच्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळत होता. अनुराधाताईंनी इरासाठी वेगळे पैसे दिले होते, त्यातून संजनाने तो घेतला. मग तिने स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी पाण्याची बाटली हातात घेतली, किंमत विचारली आणि बाटली परत ठेवली.

"पंधरा दिरहम," ती सुदेशला म्हणाली. "म्हणजे साडेतीनशेच्या वर रुपये. पाण्याक. हेच पाणी खालच्या बकाल्याच्या दुकानात एका दिरहमाक मिळता."

सुदेशने बाटली उचलली. ती बाटली त्याने ओळखली. म्हणजे नेमकी तीच नव्हे, पण सोमवारी त्यानेच आणलेल्या खोक्यातली. खोका खांद्यावर घेताना त्याची किंमत त्याच्या मनात कधी आलीच नव्हती, नुसतं वजन यायचं.

"कित्याक येवढे पैशे लावतत?" संजनाने विचारलं.

"दुसरा दुकान नाय म्हणान. भायर जाऊक नाय, भायरचा आणूक नाय. आणि पोरां रडतत." त्याने पैसे काढून काउंटरवर ठेवले. "पी."

"माका नको. गेटाकडे फुकटचा नळ आसा, मी बघितलंय."

"संजना, पी."

तिने घोट घेतला, आणि मग तहान खरोखरच किती लागली होती ते कळून अर्धी बाटली संपवली. उरलेली त्याच्यापुढे धरली. त्याने तोंड लावून प्यायलं.

इराला आता चालवेना. समोर एक मोठं रेस्टॉरंट होतं, काचेच्या भिंतींचं, आत गार. ते आत शिरले. कोपऱ्यात गादीची बाकं होती. इरा बाकावर आडवी झाली, संजनाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि अस्वलाची बाटली छातीशी धरून बोलता बोलता झोपली.

सुदेश काउंटरवर गेला. बटाट्याच्या फ्राइजची एक प्लेट आणि एक लिंबू सरबत त्याने घेतलं. एवढ्यात कॅम्पातल्या सगळ्या खोलीचं जेवण झालं असतं. ट्रे घेऊन येताना त्याला वाटलं, संजना पहिल्यांदा पैशांचंच बोलणार. पण तिने नुसती पर्स सरकवून ट्रेला जागा केली. तो तिच्यासमोर बसला. मध्ये टेबल, टेबलावर एक प्लेट. आजूबाजूला माणसं होती, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. मॉलच्या बाकावर बसलं की वीसेक मिनिटांत गार्ड एक चक्कर मारून जायचा, नुसता बघून जायचा, आणि मग तिथे बसवत नसे. इथे कुणी तसं बघत नव्हतं.

फिलिपिनो वेट्रेस दारातल्या रांगेकडे बघत टेबलांमधून फिरत होती. जिथे प्लेट रिकामी झाली तिथे थांबून हसून विचारायची, खलास? आणि ती उचलायची. मग ती माणसं आपोआप उठायची. सुदेशने ते दोन-तीन टेबलांवर पाहिलं आणि प्लेटकडे गेलेला हात मागे घेतला.

"खाऊ नको सगळा," तो हळूच म्हणाला. "थोडा ठेव."

"कित्याक?"

"प्लेटीत कायतरी आसा तवसर उठवीत नाय. हे बटाट्याचे पैशे नाय गो. खुर्चीचे."

संजनाने दारातल्या रांगेकडे पाहिलं, मग प्लेटकडे. आणि सबंध दिवसात पहिल्यांदा ती मनापासून हसली. तिने एक फ्राय उचलला, अर्धा तोडला, अर्धा परत प्लेटमध्ये ठेवला. "मगे माका ह्या महाग नाय वाटत," ती म्हणाली.

ते बसून राहिले. फोनवर रोज बोलायचे ते कामाचं असायचं, दियाची फी भरली का, आईचे गुडघे कसे आहेत. आता तिने त्याच्या केसांकडे बघून विचारलं, कापले कुठे, मागून तिरके कापलेत. त्याने तिच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग पाहिला, विचारलं. चपात्या करताना, ती म्हणाली, जुना आहे. त्याला तो नवा होता. कधी भाजलं तेही त्याला माहीत नव्हतं. त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि अंगठा त्या डागावर ठेवला. तिने हात काढून घेतला नाही. कितीतरी वेळ ते तसेच होते.

"तुमका कायतरी सांगूचा आसा," ती म्हणाली. "सकाळधरना मोबाइल काढतास नि परत खिशात ठेवतास."

मग त्याने तो फोटो दाखवला.

सगळं सांगितलं, लायसनचं, पगाराचं, व्हिसाचं. संजना ऐकत होती आणि फोटो मोठा करून बघत होती. तिने पहिल्यांदा विचारलं, "खिडकी खंयच्या दिशेक?"

"रस्त्याच्या. खाली साड्यांची दुकानां आसत."

"सैंपाकघर?"

"त्येंच्याबरोबर. तुका एक शेगडी आणि एक फळी देतली. बाई बरी आसा, चाय दिल्यान माका."

"मगे मसाल्याचे डबे खोलीतच ठेवूक व्हये. हंय." तिने फोटोतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हंय एक रॅक. वर देव. खाट खिडकीकडे नको, ऊन येतला. ह्या भिंतीक लावया."

"कपाट खंय?"

"खाटीखाली ट्रंक. कपाट कित्याक दोघांका?"

सुदेशही खुर्ची पुढे ओढून बघायला लागला. पडदा कुठल्या रंगाचा, यावर त्यांचं थोडं भांडणसुद्धा झालं. तिला हिरवा हवा होता, तो म्हणाला हिरव्याने अंधार होतो. संध्याकाळी तो कामावरून आला की तिने दार उघडायचं की त्याच्याजवळ वेगळी किल्ली असायची, हेही ठरलं. तिने दार उघडायचं. मासे आणायला शारजाचं मार्केट जवळ, रविवारी जाऊन बांगडे आणायचे. खालच्या रस्त्यावरून रात्री फेरी मारून यायची. दोघांच्या चपला दाराबाहेर शेजारी शेजारी असतील, असं संजना म्हणाली आणि ते म्हणताना तिचा आवाज बारीक झाला.

वेट्रेस येऊन गेली. प्लेटमध्ये गार झालेले फ्राइज होते. ती काही म्हणाली नाही.

इरा झोपेत कुशीवर वळली. संजनाचा हात आपसूक तिच्या पाठीवर गेला आणि थोपटू लागला. ती फोटोकडे बघत होती, हात मात्र आपला थोपटत होता. मग तो हात थांबला. तिने त्याच्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"दिया आता खंयच्या कुशीर झोपता, माका ठाऊक नाय," ती म्हणाली.

सुदेशने गार झालेला एक फ्राय प्लेटमध्ये इकडून तिकडे सरकवला.

"आणि तिची खाट खंय ठेवया, सांगा ना."

तिने मोबाइल त्याच्यापुढे सरकवला. सुदेशने फोटोकडे पाहिलं. खाट ट्रंकेशेजारी मावली असती. पण इथल्या शाळेची फी त्याच्या वाढलेल्या पगारातही मावत नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं. म्हणूनच तर इतका वेळ खोलीत सगळं लावून झालं आणि दियाचं नाव निघालं नव्हतं.

"आवशीन परवा सांगल्यान," संजना म्हणाली, "दिया शाळेत आयचा नाव म्हणान नर्मदा सांगान इली. बाईंनी विचारल्यानी, आय खंय? तर म्हणाली, मोबाइलात."

तिने डोळे पुसले नाहीत, कारण एक हात इराच्या पाठीवर होता आणि दुसरा सुदेशने पुन्हा हातात घेतला होता.

"मगे मे म्हयन्यात घराक जा," सुदेश म्हणाला. ते म्हणायला त्याला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला.

"तुमी म्हणतास म्हणान जाऊ?"

"नाय. तुका जावचा आसा म्हणान."

"माका हंय पण रवाचा आसा," ती म्हणाली. "हेच तर. माका तुमच्याकडे पण रवाचा आसा." ते शब्द तिने टेबलाकडे बघत सांगितले, आणि तेवढ्यासाठी, पुढे कितीतरी दिवस, सुदेशला तो दिवस फुकट गेला असं वाटलं नाही.

इरा डोळे चोळत उठली. "संजू, आय एम हंग्री." समोर प्लेट दिसली तशी तिने उरलेले सगळे फ्राइज दोन्ही हातांनी खाऊन टाकले. गार होते तरी तिला आवडले. वेट्रेस आली, हसली, खलास? म्हणाली, आणि प्लेट घेऊन गेली.

संध्याकाळी गार्डने डबा परत दिला. त्याने तो नंतर आपल्या केबिनमध्ये एसीखाली नेऊन ठेवला होता. टॅक्सीत बसण्याआधी संजनाने डबा सुदेशच्या हातात दिला, इरा सॅकमध्ये काहीतरी शोधत होती तेवढ्यात त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि हात क्षणभर तिथेच ठेवला. दुबईच्या बसमध्ये सुदेशने सगळ्यात मागची सीट धरली. घावणे जरा वातड झाले होते, उसळ मात्र छान होती. त्याने एकेक घास चावून चावून, वेळ लावून खाल्ला. बाहेर दिवे लागत होते.

मे महिन्यात, ऐन आंब्यांच्या दिवसांत, संजना गेली. अनुराधाताईंनी थांबण्यासाठी पुष्कळ गळ घातली, मग नाइलाजाने हो म्हणाल्या आणि बॅग भरून कपडे दिले. निनादसाहेब तिला एअरपोर्टवर सोडायला आले होते. सुदेशही दुबईहून आला. साहेब समोर असल्यामुळे दोघं एकमेकांशी फार बोलू शकले नाहीत. पोचल्यावर फोन कर, तो म्हणाला. ती मान हलवत आत गेली, आणि काचेपलीकडे बराच वेळ तिचा लिंबाच्या रंगाचा ड्रेस दिसत राहिला. रोल्लाची खोली कुणा दुसऱ्या जोडप्याला मिळाली. सुदेशने फोटो मात्र ठेवला.

घरी गेल्यावर तिचे फोन वेगळे येऊ लागले. ती धावपळीत असायची, मागे दियाचा आवाज असायचा. कधी ती बोलता बोलता मध्येच दियाला हाक मारायची, आणि त्या हाकेत असं काही असायचं की सुदेश फोन कानाशी धरून नुसता ऐकत राहायचा. तिथे घर पुन्हा भरलं होतं. ते त्याला कळत होतं, त्याला बरंही वाटत होतं. रात्री अंथरुणावर पडलं की मात्र हात कुठे ठेवावा हे कळत नसे.

महिनाभराने एका सकाळी तो पार्कच्या मागच्या फाटकाशी खोके उतरवत होता. अंगातून घाम निथळत होता. फोन वाजला. अनुराधाताई होत्या. त्यांनी त्याला याआधी कधी फोन केला नव्हता.

"सुदेश, सॉरी हं, कामात असाल. संजनाच्या गावच्या नंबरला रेंज मिळत नाहीये का? इरा ऐकतच नाही. नवी बाई आली आहे, चांगली आहे, पण ही तिच्याकडून जेवून घेत नाही. सारखं संजू, संजू. मला समजत नाही काय करू." त्यांचा नेहमीचा ऑफिसचा आवाज आज थकलेला होता. "एक मिनिट, तिलाच देते."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर ऐकू आली.

"सुदेशकाका?"

"बोल बाळा."

"व्हेन इज संजू कमिंग बॅक?"

तो खोक्यावर बसला. खोटं सांगणं सोपं होतं. इन्शाल्ला, लवकर, असं इथे सगळेच सगळ्यांना सांगतात. "ती तिच्या घरी आहे," तो म्हणाला. "तिची छोटी मुलगी आहे ना तिथे, दिया. तिच्याजवळ आहे."

"बट शी वॉज हिअर."

"हो."

"डू यू मिस हर?"

भिंतीपलीकडे गाडी खाली कोसळली आणि तो आवाज आला. सुदेशने तो जाऊ दिला.

"हो," तो म्हणाला. "खूप."

इराने त्यावर विचार केला असावा. "मी टू," ती म्हणाली. मग म्हणाली, "कॅन वी कॉल हर? बोथ ऑफ अस?"

ते कसं करायचं हे त्याला येत होतं, कॅम्पातली पोरं करायची. त्याने इराला थांबायला सांगितलं आणि नर्मदाआजीच्या शेजारणीचा नंबर लावला, तिथे रेंज असायची. शेजारीण हाका मारत गेली. पावलांचा आवाज, कोंबड्यांचा आवाज, दूरवर दियाचं काहीतरी विचारणं. त्याने इराची लाइन जोडली.

"हॅलो," संजना म्हणाली. धावत आल्याने तिला दम लागला होता. "हॅलो, कोण?"

इकडे दोघंही एकदम गप्प झाले. सुदेश वाट बघत होता की आधी इराने बोलावं, आणि इरा वाट बघत होती की त्याने.